पालथा फ्लेक्स

आमच्या आमदारांनी पुन्हा पक्ष बदलला, म्हणून सकाळीच ब्लॉग लिहायला बसलो. राग होताच. टीकेच्या भरात त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यावरही एक झोंबणारं वाक्य टाकलं.

मान वर केली तर खिडकीसमोरच्या गच्चीवर मंदाकाकू कुरडया घालायच्या तयारीत होत्या. अंथरायला प्रचारातला जुना फ्लेक्स घेतला होता, त्यावर हेच आमदार हात जोडून उभे. काकूंनी तो धुतला, पुसला आणि छापलेली बाजू खाली करून अंथरला.

"रंग लागेल म्हणून का हो काकू?" मी खिडकीतूनच विचारलं.

"रंग कसला? कुरडया उलटवताना पाय पडतो रे. माणसाच्या तोंडावर पाय कसा द्यायचा?"

"मत त्यांनाच दिलं होतंत वाटतं."

"छे, त्याला कशाला देऊ?" म्हणत त्यांनी सोऱ्या हातात घेतला.

इतकी वर्षं राजकारणावर लिहितोय, पण विरोध असाही करता येतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. टीका सगळी तशीच ठेवली, चेहऱ्यावरचं वाक्य तेवढं काढून टाकलं. समोर आमदार पालथे पडले होते, आणि कोवळ्या उन्हात त्यांच्या पाठीवर कुरडया वाळत होत्या.