पितळी पट्टीवरची जागा

वीसेक वर्षांपूर्वी उल्हासनगरात एक ट्रॉफीवाला होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वीटभट्टीवरच्या मुलांना जन्मदाखला नाही म्हणून शाळा घेईना, तेव्हा आमच्या अंबरनाथच्या एक शिक्षिका नोकरी पणाला लावून भांडल्या. आमच्या मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला, त्या सन्मानचिन्हाचा मजकूर मी त्याला दिला. चष्मा कपाळावर सरकवून, ओठ हलवत त्यानं तो दोनदा वाचला.

"साब, पाहुणे आहेत, अध्यक्ष आहेत, सचिव पण आहेत. टीचरने काय केलं, ते किधर आहे?"

"पट्टीवर जागा नाही हो."

त्यानं कानावरची पेन्सिल माझ्यापुढे धरली. "मग एक नाव काढा ना."

पाहुणे रागावले असते, अध्यक्षही. सचिव मीच होतो. तरी पेन्सिल हातात घ्यायला मला बराच वेळ लागला.