कोनाड्यातला सातू

"मरल ती. इतकी गुणाची पोर गोष्टीत शेवटपर्यंत जगत नाय."

द्राक्षांच्या मांडवाखालून, पलीकडच्या ओळीतून आवाज आला. मजुरांच्या टोळीतली सगळ्यात वयस्कर बाई बोलत होती, हातातली कात्री न थांबवता. "जगली तर उद्या समद्यांच्या भाकरी मी थापीन."

"तुझ्या भाकरी खाऊन आम्हीच मरू," कुणीतरी म्हणालं आणि सगळा मांडव हसला.

मी अलीकडच्या ओळीत पाण्याची कळशी घेऊन उभी होते. बोलणं मी सांगत असलेल्या गोष्टीबद्दल होतं, आणि तिचा शेवट मला त्याच दिवशी सांगायचा होता.

मी नाशिक शहरात वाढले. शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलींपैकी मी एक. त्या वर्षी मामीचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून दिंडोरीजवळ मामाच्या मळ्यात मदतीला गेले होते. थिनिंगचे दिवस होते. घडांतले दाटीचे मणी बारीक कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगतात. कामाला सुरगाण्याकडची टोळी आली होती. दुपारी मी वेलीखाली बसून माझं जाड इंग्रजी पुस्तक वाचायची. पाच पुस्तकांच्या मालिकेतलं पहिलं, चौथ्यांदा.

"एवढं काय हाय त्यात, ताई?" टोळीतल्या एका बाईंनी विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. डोंगरातल्या एका मुलीला ढगांपलीकडच्या किल्ल्यात घेऊन जातात. तिथे राहणारा प्रत्येक माणूस हळूहळू आपल्या घरची वाट विसरतो.

"मग?" त्या म्हणाल्या.

त्या 'मग'वर मी पाच आठवडे बोलत राहिले. आजही त्याचं आश्चर्य वाटतं. पण मांडवाखाली एक सोय होती. सगळ्यांच्या माना वर, नजरा घडांवर. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. मला मराठी शब्द सापडायचे नाहीत, ते त्या बाई द्यायच्या. ज्या जादूच्या दाराला मी तीन दिवस 'गेट' म्हणत होते, त्याला त्यांनी 'खिंड' म्हटलं, आणि ते पुस्तकापेक्षा खरं वाटायला लागलं.

त्यांची मुलगी आश्रमशाळेत आठवीत होती. दिवाळीनंतर ती परत जायला तयार नव्हती. मला पण मळ्यात ने, म्हणून रडली होती. आईनं कसंबसं पोचवलं. रविवारी संध्याकाळी वसतिगृहातून फोन करू देत. त्या फोनवर बाई आठवड्याची गोष्ट आपल्या बोलीत सांगायच्या. मुलगी ती खोलीतल्या बाकीच्या मुलींना सांगायची.

"तिला सांगितलंय, गोष्ट संपेपर्यंत थांब, मग बघू," बाई मला एकदा म्हणाल्या होत्या. "ती एकच इचारते. पोर घरी जाते का."

परक्या देशात कुणीतरी लिहिलेली गोष्ट माझ्या अडखळत्या मराठीतून, मग त्यांच्या बोलीतून, एका डोंगरातल्या खोलीत लोखंडी खाटांवर बसलेल्या मुलींपर्यंत पोचत होती. हे कळलं त्या रात्री मी ते पुस्तक उशाशी ठेवायच्या आधी दोनदा पुसलं.

आता शेवटचा रविवार होता. थिनिंग संपत आलं होतं, सोमवारी टोळी दुसऱ्या मळ्यात जाणार होती.

चारच्या सुमाराला मामेभाऊ चहाची किटली घेऊन आला. ही मालिका मला त्यानंच दिली होती. भाकरीची पैज ऐकून तो खूश झाला.

"आजी, तुमचं बरोबर आहे. ती मरायलाच हवी होती. खिंड बंद करताना मेली असती तर काय भारी झालं असतं! पण नाही. सगळा किल्ला जिंकला, आणि शेवटी काय करते? घरी येऊन सातू पेरते!" मग माझ्याकडे वळून, "तू खिंडीपाशीच थांब. तोच खरा शेवट. पुढचं सगळं पोरांना खूश करायला लिहिलंय."

मी खाली बघितलं. ते शेवटचं प्रकरण वाचून मी घराच्या गच्चीवर तासभर रडले होते, आनंदानं. पण मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर कुणीतरी 'पोरकट शेवट' असं लिहिलं, त्याखाली शेकडो लोकांनी हो म्हटलं, तेव्हा मीही गुपचूप अंगठा वर केला होता. इतके हुशार लोक म्हणतात तर आपल्यालाच कळत नसेल, असं वाटलं होतं. त्या क्षणीही वाटलं, दादा म्हणतो तसंच सांगावं. ते मोठ्या माणसांचं वाटेल.

"सातू?" बाईंची कात्री थांबली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. "तोच का, कोनाड्यातला?"

मला आठवेना.

"तूच सांगितलंस ना पयल्या दिवशी. निघताना तिनं मूठभर सातू भिंतीच्या कोनाड्यात ठेवला."

"हो, पण ते असंच," मी म्हणाले. "तिच्या पिशवीत जागा नव्हती म्हणून."

बाई हसल्या. टोळीतल्या बाकीच्याही हसल्या. ती म्हातारीसुद्धा.

"जागा नसंल तर माणूस सातू खाऊन टाकील, नायतर कोणाला देऊन टाकील. ठेवील कशाला?" बाई म्हणाल्या. "आम्ही इकडं येताना नागलीचं, म्हंजे नाचणीचं, बी चुलीवर टांगून येतो. धुरानं काळं झालेलं गाठोडं. घरात दुसरं काय नसलं तरी ते असतं. परत जायाचंच असतं, म्हणून ठेवायचं. ती पोर तर पयल्याच दिवशी परत येऊन बसली होती, ताई. बाकीची गोष्ट नुसती वाट हाय."

दादानं किटली खाली ठेवली.

मी ओळीच्या टोकाला गेले, पिशवीतून पुस्तक काढलं. अकरावं पान. मूठभर बी, कोनाडा, 'पिशवीत जागा उरली नव्हती.' एक ओळ. ती मी चार वेळा वाचली होती, ग्रुपवरच्या शेकडो लोकांनी वाचली होती. आणि शेवटच्या पुस्तकाचं शेवटचं पान त्या एका ओळीत पाच पुस्तकं वाट बघत बसलं होतं. एवढ्या मोठ्या पुस्तकापुढे तर मला लहान वाटलंच, पण जिनं ते कधी हातातही घेतलं नव्हतं आणि पहिल्या दिवशी ऐकलेलं ते बी नीट जपून ठेवलं होतं, तिच्यापुढे जास्त.

परत आले तोवर बाईंचा फोन वाजू लागला होता. त्यांनी हातावरची राख झटकावी तसे मणी झटकले, फोनवर त्यांच्या बोलीत चार शब्द बोलल्या आणि तो माझ्यापुढे धरला.

"तूच सांग."

मी फोनवर आईशीसुद्धा नीट बोलत नाही. सगळा मांडव आता माझ्याकडे बघत होता. दादाही. पलीकडे खूप मुलींची कुजबुज होती, मग एकदम शांतता.

"ताई," बारीक आवाज आला, "ती घरी जाते का?"

"जाते," मी म्हणाले. दादाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आणि कोनाड्यातला सातू अजून तिथंच असतो."