मेलेल्या खेचराच्या ओढ्याचा पतंग

ऑर्डेला प्रुइट ॲरिझोनातल्या एका तांब्याच्या खाणीच्या गावात खाणावळ चालवायची. जेवून उठणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाकडे ती बघायची, चमचा गेला की काय म्हणून.

हा संशय उपजत नव्हता. कॅलिफोर्नियाच्या एका गोडबोल्या पाहुण्याला तिने भोळेपणाने फुलपाखरासारखा एक पिवळा पतंग दाखवला होता. तो पुढे शास्त्रात नोंदला गेला पाहुण्याच्या बायकोच्या नावाने. त्या बाईने ॲरिझोना नकाशात तरी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे!

म्हणून १९३१च्या ऑक्टोबरात क्वेल दरीत भर दुपारी उडणारा, काळ्या पंखांवर पांढरा पट्टा असलेला नवाच पतंग सापडला, तेव्हा ती गप्प राहिली. हा तरी आपल्या नावाने ओळखला जावा, एवढंच तिला हवं होतं. पण नाव ठेवणार पूर्वेकडच्या संग्रहालयातले डॉक्टर विदरबी. नमुने त्यांना धाडणं भाग होतं.

नमुन्याच्या टाचणीखाली चिठ्ठी लावून तो सापडल्याचं ठिकाण लिहावं लागतं. तिने लिहिलं, 'डेड म्यूल क्रीक'. मेलेल्या खेचराचा हा ओढा दरीपासून पंधरा मैल, तोही उलट्या दिशेला.

"प्रुइटबाई, त्या ओढ्यावर माशीसुद्धा फिरकत नाही," पोस्टमास्तर केसलर खोका न्याहाळत म्हणाले.

"तुम्ही तिकिटं चाटा. चिठ्ठ्या वाचायचा पगार मिळत नाही तुम्हाला."

"बरं, आणि या पत्रात काय?"

"दम दिलाय. मला विचारल्याशिवाय माझं नाव कुठे वापरलंत तर वकील गाठीन म्हणून."

"अहो, पण नाव लागावं हेच तर हवंय ना तुम्हाला?"

"हवंय. पण आधी विचारू दे की! न विचारता नाव उचलणारा उद्या दरीही उचलेल."

चौदा महिन्यांनी उत्तर आलं. 'पतंगाला आपलं नाव द्यायचं मनात होतं. आपलं पत्र वाचून धीर झाला नाही. म्हणून ओढ्याचं दिलं. छापून आलेलं नाव आता नियमाप्रमाणे बदलता येत नाही.'

तिने कागद उन्हात धरून पाहिला. "खोटं बोलतोय मेला," ती म्हणाली. मग तीच ओळ पुन्हा वाचली. चार वेळा.

"खरं ठिकाण तरी कळवून टाका," केसलर हळूच म्हणाले.

"कळवून काय मिळणार? नाव ओढ्याचंच राहणार, वर सगळी जाळीवाली फौज माझ्या दरीत."

आता दर ऑक्टोबरात शहरी मंडळी जाळी घेऊन खाणावळीत येतात. "बाई, तिथे नक्की सापडेल ना?" एखादा विचारतो.

"नावच तसं आहे की त्याचं," ती म्हणते, रस्ता नीट समजावून सांगते. त्यांची गाडी ओढ्याकडे वळली की चमचे मोजते, डोक्याला रुमाल बांधते आणि दरीची वाट धरते.