देश बंद पडला त्या हिवाळ्यात

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या यादीत माझ्या धाकट्या भावाचं नाव दुसऱ्यांदा आलं नाही, तेव्हा आमच्या घरात तीन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही. चौथ्या दिवशी बाबांनी मला हाक मारली. म्हणाले, "तू गणितवाली आहेस. बस, हिशोब कर. इथं शिकवायचं तर किती आणि बाहेर पाठवायचं तर किती."

मी तेव्हा एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. मागावरून आलेलं कापड मोजायचं, घड्या घालायच्या, थानावर, म्हणजे ताग्यावर, शिक्का मारायचा. सव्वीस वर्षं हेच. आईने नवी साडी नुसती अंगाला लावून पाहिली तरी ते दुरून सांगत, "पाव मीटर कमी आहे, परत कर." आणि ती खरंच कमी निघे. असा माणूस पोराचं आयुष्य अंदाजपंचे ठरवणार नव्हता.

"इथं" म्हणजे महाराष्ट्रातली किंवा कर्नाटकातली खाजगी कॉलेजं. त्यातल्या एकाचा माणूस इंदूरला आला होता. बाबा आणि मी त्याला राजवाड्याजवळच्या एका हॉटेलात भेटलो. त्याने फार सहज एक आकडा सांगितला. बाबांनी हातातला कप खाली ठेवला.

"पूर्ण कोर्सचा ना?"

"नाही हो. हे फक्त आत यायचं. फी दर वर्षाची वेगळी, होस्टेल वेगळं."

बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर सराफा बाजाराच्या तोंडाशी ते थांबले आणि मला म्हणाले, "मी जन्मल्यापासून आजपर्यंत कमावलेलं सगळं जमा केलं तरी एवढं होत नाही." ते हसत होते.

"बाहेर" म्हणजे सोविएत युनियन. तिथे मुलं पाठवणाऱ्या एका एजंटचं ऑफिस नुकतंच उघडलं होतं. बर्फात उभ्या एका मोठ्या इमारतीचा फोटो भिंतीवर, आणि समोर गोड बोलणारा माणूस. "बाबूजी, डोनेशन का तो नाम ही मत लो. पहले साल का रुपये में दे दो, आगे का वहीं रूबल में भरना. रूबल तो समझो मिट्टी के भाव."

घरी येऊन मी दोन रकाने आखले. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला परदेश. विमानाचं तिकीट, सहा वर्षांचं होस्टेल, खाणं, गरम कोट, दोन वर्षांतून एकदा येणं-जाणं, सगळं धरलं. बेरीज केली आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. समुद्रापलीकडची सहा वर्षं इथल्या कॉलेजच्या नुसत्या उंबरठ्यापेक्षा स्वस्त पडत होती.

"चुकली नाहीस ना?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"परत कर."

मी तीनदा केली. तेच उत्तर.

मग जुलैत एका आठवड्यात रुपया दोनदा खाली आला. पेपरात मोठे मोठे लेख होते, त्यातलं मला एवढंच समजलं की विमानाचं तिकीट महागलं. मी पुन्हा बेरीज केली. तरी परदेशच स्वस्त. ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे आल्याची बातमी आली आणि आई हादरली. एजंट म्हणाला, "भाभीजी, वो सब मॉस्को में है. अपना कॉलेज तो युक्रेन में है, बहुत दूर. वहाँ पढ़ाई चालू है." आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हिशोब बरोबर आहे, आई." हे वाक्य मीच बोलले होते. ते मला पुढे फार वर्षं छळणार होतं.

इंदूरजवळच्या राऊ गावात बाबांनी घेतलेला छोटासा प्लॉट विकला आणि सप्टेंबरात भाऊ गेला. एकोणीस वर्षांचा होता. भोपाळच्या पुढे कधी गेला नव्हता.

डिसेंबरात एका सकाळी बाबा नेहमीसारखे पहिल्या पाळीला गेले आणि तासाभरात परत आले. आई कणीक मळत होती. तिने न वळताच विचारलं, "डबा विसरलात की काय?"

"गेटला कुलूप आहे."

"कसलं कुलूप?"

"मिल बंद केली. नोटीस लावली आहे."

डबा त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, चपला न काढताच खुर्चीवर बसले आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. मिल तोट्यात आहे, पगार मागेपुढे होतोय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ती बंद होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आजारी माणसाच्या घरच्यांना वाटत नाही, तसं.

मिलच्या या धक्क्यातून आम्ही सावरलोच नव्हतो, तेवढ्यात त्याच महिन्यात भावाचा फोन आला. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर महिन्यातून एका रविवारी, दुपारी, आम्ही तिघंही जाऊन बसायचो. फोन मीच उचलायची.

"ताई, पहले सुन, लाईन कट होईल. इथला देश खतम झाला."

"काय बोलतोस?"

"सच में. सोविएत युनियन आता नाहीच. हा वेगळा देश झाला. डीनने बोलावलं होतं. पुढच्या सालपासून फी डॉलरमध्ये. रूबल नाही चालणार."

"किती?"

त्याने आकडा सांगितला. मी धरला होता त्याच्या चौपट.

बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी रिसीव्हरवर हात ठेवून त्यांना सांगितलं. त्यांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही, की गेलं पण पटलं नाही, कुणास ठाऊक. ते म्हणाले, "मिल बंद पडते, हे समजतं. देश कसा बंद पडेल?"

बूथवाला मान वर करून आमच्याकडे पाहायला लागला. आईने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि एकच विचारलं, "जेवलास का?" तेवढ्यात लाईन गेली.

घरी येऊन मी तो हिशोबाचा कागद काढला नाही. काढायची हिंमतच नव्हती. मी सगळं धरलं होतं. साबणसुद्धा धरला होता. पण ज्या देशात तो निघाला होता तो देशच राहणार नाही, हे धरायला मला कुठल्या वर्गात शिकवलं होतं? आई म्हणाली, त्याला परत बोलवा. बाबा म्हणाले, परत बोलावून काय करायचं, प्लॉट गेला, मिल गेली, आता तो वर्षही घालवून येईल. दोघांपैकी कुणीही मला दोष दिला नाही. एकदा तरी दिला असता तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी मी युनिव्हर्सिटीत जाऊन नाव काढून घेतलं. आमच्या सरांनी विचारलं, "दीड वर्ष झालं, सहा महिन्यांसाठी सोडतेस?" मी म्हटलं, हो. पीथमपूरला तेव्हा नव्या कंपन्या येत होत्या. एकीच्या स्टोअरमध्ये मला माल चढवण्या-उतरवण्याची नोंद करायची नोकरी मिळाली. सकाळी सातची बस, राऊवरून जायची. आमचा प्लॉट होता त्या बाजूला मी खिडकीतून बघत नसे.

बाबा काही महिने मिलच्या गेटवर धरण्याला बसले. मग एक दिवस कापड बाजारातल्या एका दुकानात मापारी म्हणून लागले. एकदा मी त्यांना काही द्यायला गेले होते. माझे बाबा, ज्यांच्या शिक्क्याशिवाय थान बाहेर पडत नसे, ते स्टुलावर उभे राहून एका बाईला अस्तराचं कापड दाखवत होते आणि ती म्हणत होती, "ठीक से नापो भैया." मी आत न जाता तशीच परत फिरले.

भावाच्या पत्रांत कधी रड नसायची. होस्टेल गरम आहे, जेवण ठीक आहे, रूबलच्या नोटांऐवजी आता कूपनं चालतात, गंमत आहे. सहा वर्षांची साडेसहा झाली, मधे एकदाही घरी येणं परवडलं नाही. तो परत आला तेव्हा स्टेशनवर आई त्याच्या शेजारून पुढे निघून गेली. तिने त्याला ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना तो सहज हसत सांगू लागला. एका हिवाळ्यात होस्टेलची हीटिंगच बंद होती. नळातलं पाणी गोठायचं. तो आणि आणखी तिघं बॉयलरच्या खोलीत झोपत. सुट्टीच्या दिवशी बाजारात ट्रक उतरवायचा, बदल्यात बटाटे मिळत. "यार ताई, बटाटा बघितला की अजून पाठ दुखते." आई उठून आत गेली.  मग आम्ही तुला पाठवत होतो ते पैसे, मी विचारलं. तो म्हणाला, "ते फीमध्येच जात होते, ताई. सगळे."

आम्हाला वाटलं, आता संपलं. पण डिग्रीची मान्यता घ्यायला तो आणि मी दिल्लीला गेलो तर खिडकीतल्या बाबूने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. प्रवेशाच्या पत्रावर एका देशाचा शिक्का, पदवीवर दुसऱ्या देशाचा. कॉलेजचं नावही बदललेलं.

"ये तो दो अलग कंट्री हैं. आपने कॉलेज बदला क्या?"

"नहीं सर," भाऊ म्हणाला. "मैं वहीं था. कंट्री बदल गया."

बाबू हसला नाही. मागच्या लोकांनी मात्र हसून घेतलं. ते पत्र, हे प्रमाणपत्र, त्याचं भाषांतर, भाषांतरावर सही, सहीवर आणखी सही, यात एक वर्ष गेलं. त्या वर्षात तो एकदाच चिडला. कागद भिंतीवर फेकून म्हणाला, "इथं डोनेशन भरलं असतं तर आज हे विचारलं नसतं कुणी." बाबांनी ते कागद एक एक करून उचलले, काठ जुळवले आणि परत त्याच्या हातात दिले. 

मान्यता मिळाली. सरकारी दवाखान्यात इंटर्नशिप झाली आणि त्याने देपालपूरला दवाखाना टाकला. इंदुरात जागा परवडणारी नव्हती. उद्घाटनाला मला रजा मिळाली नाही, म्हणून मी पुढच्या आठवड्यात एकटीच बसने गेले. दवाखान्याबाहेरच्या बाकावर मंडईत माल घेऊन आलेली माणसं बसली होती. मी आतल्या खुर्चीवर जाऊन टेकले.

एका म्हाताऱ्या बाईचा हात त्याने हातात घेतला होता. ती माळवीत आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत होती आणि तो "हो माँजी, हो" म्हणत घड्याळाकडे बघत होता. मग तो गप्प झाला आणि त्याचे ओठ हलायला लागले. मी पुढे वाकून ऐकलं. तो नाडी मोजत होता आणि आकडे रशियन होते.

 मराठीत पाढे मीच त्याला शिकवले होते. म्हातारी थांबून त्याच्या तोंडाकडे बघायला लागली आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "डॉक्टर साब मंतर पढ़ी रिया है कई?"

"हो, माँजी, मंत्रच," मी म्हटलं, आणि मला एकदम रडू फुटलं.