पहिल्या भागावरचे अभिप्राय

माझ्या कादंबरीचा पहिला भाग आला तेव्हा आम्ही कोलकात्यात, बालीगंजच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. तीन भागांची अद्भुत कथा होती ती, नदीत बुडालेल्या राज्याची आणि ते शोधायला निघालेल्या राणीची. मुलगी लहान असताना तिला भरवता भरवता मी ती रचत गेले होते.

प्रकाशक पुण्याहून वाचकांचे अभिप्राय फोनवर पाठवायचे. "पात्रांची नावं लक्षात राहत नाहीत." "निम्मं पुस्तक संपलं तरी युद्धाचा पत्ता नाही." एकाने तर लिहिलं, "असलं इंग्रजीतच वाचावं." नवरा म्हणाला, "अगं, लोक काहीही लिहितात." त्याने स्वतःही पुस्तक अर्ध्यावर ठेवलं होतं.

मला खरं तर मुलीचं मत हवं होतं. एका रविवारी विचारलंच, "कसं वाटलं?"

ती कोलकात्यातच वाढलेली. म्हणाली, "आई, मी प्रयत्न केला गं. पण मराठी मला अक्षरं जुळवत वाचावं लागतं. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते. राणी जिवंत राहते का? तूच सांग ना."

मी सांगायला लागले. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती हसत, बंगालीत बोलत गॅलरीत गेली. परत आल्यावर तिने पुढचं विचारलं नाही.

काही दिवसांनी प्रकाशकांनी कळवलं की दुसरा भाग काढणार नाही. मी कारणही विचारलं नाही. दुसरा भाग लिहून तयार होता. तिसरा मी कधी सुरूच केला नाही.