घुम्याची इंटर्नशिप

पोरगा जन्माचा मुखदुर्बळ. भूक लागली तरी सांगायचा नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन नुसता उभा राहायचा. आईनेच नाव पाडलं घुम्या, आणि ते एमबीएच्या वर्गापर्यंत त्याच्या मागे गेलं. अशा माणसाच्या नशिबी इंटर्नशिप कसली यावी? फर्निचरच्या भल्यामोठ्या शोरूमच्या दाराशी उभं राहायचं आणि रिकाम्या हाताने निघालेल्या गिऱ्हाइकाला विचारायचं, "का नाही घेतलंत?"

मॅनेजरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "वाद घालायचा नाही. सूट देतो म्हणायचं नाही. विचारायचं, ऐकायचं, आभार मानायचे, दार उघडून धरायचं. बस्स."

सुरुवातीला त्याची दातखीळच बसली. पण हळूहळू जमलं. लोक सांगायला टपलेलेच असतात हो, विचारणारा हवा! एक बाई म्हणाल्या, सोफा झकास आहे, पण आमचे हे त्यावरून उठायचेच नाहीत. एका आजोबांनी एकट्यापुरता पलंग पाहिला आणि दारात डोळे पुसले. घरातला मोठा पलंग काढवत नाही म्हणाले. घुम्या त्यांच्याजवळ उभा राहून ऐकत राहिला. मॅनेजरबाई खूश झाल्या.

त्याला मात्र वेगळंच खायला लागलं. परक्यांना विचारतो, मग तिलाच का नाही विचारलं?

ती म्हणजे दातांच्या दवाखान्यातली मदतनीस. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणायची, आणि वाट्याला आला हा तोंड न उघडणारा! तरी चांगली चार वर्षं दोघांचं जमलं होतं. गेल्या वर्षी बागेतल्या बाकावर ती अचानक म्हणाली, "आपण आता भेटायला नको." यावर या शहाण्याने काय म्हणावं? "बरं." अहो, बरं! का ते विचारावंसं वाटलं, पण ताठा आडवा आला. जाणाऱ्याला कशाला अडवायचं, म्हणे. मग तिच्या फोनची वाट बघत झुरत बसला.

आता त्याने ठरवलं. येत्या सुट्टीला सरळ तिच्या घरी जायचं आणि विचारायचं. आरशासमोर सरावसुद्धा केला बिचाऱ्याने.

सुट्टीच्या आदल्या दिवशी तीच शोरूममध्ये आली. बरोबर एक हसतमुख तरुण. टेपचं एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या, आणि दोघं कपाट मोजताहेत.

दोघं रिकाम्या हाताने दाराशी आले. कामच ते. त्याने विचारलं, "का नाही घेतलंत?"

"छान आहे हो," तरुण म्हणाला, "पण लग्नानंतर राहायला जाणार तिथली खोली चिमुकली आहे. मावायचं नाही." मग तिला म्हणाला, "तू थांब, मी गाडी आणतो."

दाराशी दोघंच उरली.

"तू का गेलीस?" घुम्याने विचारलं.

ती म्हणाली, "आज विचारतोयस?"

"हो."

"बाबांना तेव्हा अर्धांगाचा झटका आला होता. सगळं माझ्यावर आलं. तुझं शिक्षण चाललेलं, तुझ्या गळ्यात हे लोढणं कशाला, म्हणून म्हटलं भेटायला नको. वाटलं, तू 'का?' म्हणून विचारशील. विचारलं असतंस ना, तर तिथेच रडले असते आणि सगळं सांगून मोकळी झाले असते. कुठे जाणार होते रे मी? कितीतरी दिवस फोन उशाशी घेऊन झोपले."

मीही, असं त्याला म्हणायचं होतं. म्हणाला भलतंच. "आणि याने विचारलं?"

"इस्पितळात याचे वडील बाबांच्या शेजारच्या खाटेवर होते. मी जिन्यात उभी राहून रडत होते. येऊन म्हणाला, काय झालं? एवढंच." तिने ओठ घट्ट मिटले. "चांगला आहे तो. मला आवडतो."

बाहेर हॉर्न वाजला.

"जाते मी," ती म्हणाली, पण लगेच हलली नाही.

काळीज फाटत होतं त्याचं. जाऊ नकोस म्हणावं, चुकलो म्हणावं, निदान तिचं नाव तरी घ्यावं. जळलं मेलं ते तोंड! उघडलं आणि त्यातून आलं, "बरं."

मग त्याने तिच्यासाठी दार धरलं.