पाठीवरचा रिकामा रकाना

या ग्रुपवरचे अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतोय — करमणूक म्हणून. कोणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कोणाच्या बंद घरात झोपाळा हलतो... मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. भुतंखेतं ही रिकामटेकड्यांची कामं, हे माझं मत. बऱ्याच अंशी ते आजही तसंच आहे. तेव्हा तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. फक्त पूर्ण वाचून हसा.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालो. मूळचे आम्ही सातारकडचे, पण माझी सगळी नोकरी दिल्लीत. ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची, रिटायरमेंटला वर्ष उरलेलं असतानाची. त्या सुमारास मला रात्री चार-चार, पाच-पाच वेळा लघवीला उठावं लागायचं. उठायचं आणि नुसतंच उभं राहायचं. सुनंदानं, म्हणजे बायकोनं, विचारलं की मी सांगायचो — चहा जास्त झाला.

डॉक्टरकडे जायचं नाव नाही. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, प्रोस्टेटचाच कॅन्सर होता. ते सैन्यात डिस्पॅच रायडर, दिल्ली कँटोनमेंटला मोटारसायकलवरून टपाल पोचवायचे. गाडीवरून पडून हात मोडला तर हसत हसत सांगणारा माणूस, पण हे दुखणं त्यांनी कंबर उचलेनाशी होईपर्यंत लपवलं. लाज वाटली म्हणे! तेव्हा मी म्हणालो होतो, अडाणीपणा, दुसरं काय. आणि आता मी, एम.ए. झालेला, तंतोतंत तेच करत होतो. कळत नव्हतं असं नाही. भीती वाटत होती.

अशात आमचे जावई, सिद्धार्थ, एक टूम घेऊन आले. गुडगावला मोठ्या कंपनीत आहेत, आणि मोटारसायकल अशी की तिच्या किमतीत आमच्या वेळी घर झालं असतं. रविवारी सकाळी प्रोस्टेट कॅन्सरच्या जागृतीसाठी राइड आहे, म्हणाले. सगळ्यांनी सूट-बूट, टाय घालून जुन्या गाड्या चालवायच्या, इस्पितळासाठी पैसे जमवायचे.

"टाय कशाला?" मी विचारलं. "कॅन्सर घाबरतो का टायला?"

"बाबा, यार, तुम्ही पण ना!" आमची मृणाल म्हणाली. ती दिल्लीतच वाढलेली, तिचं मराठी हे असं. "आजोबांसाठी चलो ना. सिद्धार्थच्या मागे बसायचं फक्त. बिल्कुल सेफ आहे."

नाही म्हटलं असतं तर का नाही, हे आलं असतं. म्हणून गेलो.

कॅनॉट प्लेसला सकाळी सातला जमायचं होतं. तो तमाशा काय सांगावा! पोटावर बटण लागत नाही असे वेस्टकोट, खिशातून लोंबणाऱ्या घड्याळाच्या साखळ्या, आणि काहींनी तर नकली मिशा चिकटवलेल्या. निम्मे लोक गाडीला पाय लावून फोटो काढून घेत होते आणि उरलेले निम्मे ते फोटो काढत होते. "अवेअरनेस, सर, अवेअरनेस!" असं एक गृहस्थ मला तीनदा म्हणाले. प्रोस्टेट शरीरात नेमकं असतं कुठे, हे त्यांना विचारावंसं वाटलं होतं.

टेबलापाशी प्रत्येकाला एक मोठं कार्ड देत होते. वर हिंदीत छापलेलं — 'मैं यह राइड इनके लिए कर रहा हूँ', आणि खाली रिकामा रकाना. त्यात आपल्या माणसाचं नाव लिहायचं आणि कार्ड पाठीवर लावायचं, म्हणजे मागच्या गाडीवाल्यांनी वाचावं. लोक डोळे पुसत नावं लिहीत होते. डोळे पुसून झाले की परत फोटो.

मी काही लिहिलं नाही. आबांचं नाव असल्या जत्रेत फिरवायचं नव्हतं. पण तेहतीस वर्षांची सवय — सरकारी कागदावर रकाना कोरा सोडायचा नसतो, नंतर कोणीही त्यात काहीही भरू शकतं. मी रकान्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली, खाली इनिशियल्स केली आणि कार्ड जावयांच्या हातात दिलं. त्यांनी ते चार सेफ्टी पिना लावून माझ्या कोटाच्या पाठीवर टाचलं. हे मुद्दाम सविस्तर सांगतोय.

निघालो. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या पहिल्याच सिग्नलला एक वयस्क सरदारजी स्कूटरवरून मागून शेजारी आले. राइडमधले नव्हते, पिशवीत भाजी होती.

"भाई साहब," ते हळू आवाजात म्हणाले, "ये केरू जी आपके कौन थे?"

मी मान वळवली, तोवर सिग्नल सुटला, ते वळून गेले.

केरू हे माझं घरातलं नाव. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. मग मी झालो तेव्हा मला केरात लोळवलं आणि नाव ठेवलं केरू, म्हणजे मृत्यूला वाटावं, हा कचरा कशाला न्यायचा. शाळेत माझं नाव यशवंत लागलं. दिल्लीला नोकरी लागल्यावर मी आबांना बजावलं होतं की लोकांसमोर मला त्या नावानं हाक मारायची नाही. बायकोलासुद्धा सांगायचं नाही. आबा बरं म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी मला यशवंतही कधी म्हटलं नाही. शेवटपर्यंत 'साहेब' म्हणायचे. आई गेली, आबा गेले, गावची आत्या गेली. ते नाव माहीत असलेलं जगात कोणी उरलं नव्हतं.

ऐकण्यात चूक झाली असणार, असं मी ठरवून टाकलं.

धौला कुआँला पाण्यासाठी थांबलो. पाणी वाटणारी एक मुलगी माझ्या मागून आली आणि म्हणाली, "अंकल, केरू... स्वीट नेम. आपके फादर?"

मी जावयांवर उखडलो. "हा काय चावटपणा आहे? कार्डावर काय लिहिलंत तुम्ही?"

"मी? काहीच नाही, बाबा." ते माझ्या मागे गेले, वाकून पाहिलं. "तुमची लाइन आहे, इनिशियल्स आहेत. बाकी ब्लँक आहे."

मुलीनं पुन्हा पाहिलं. "अभी तो था," असं पुटपुटली आणि दुसऱ्यांना पाणी द्यायला निघून गेली. मी म्हटलं, दोघं मिळून म्हाताऱ्याची गंमत करतायत. दिल्लीच्या लोकांना दुसरं काय येतं! पण नाव कुठून आणलं? कँटोनमेंटच्या बाजूनं जाताना मी जावयांचा कोट घट्ट धरला आणि सांगितलं की गाडी व्हायब्रेट होतेय.

गुडगावच्या एका क्लबच्या हिरवळीवर राइड संपली. तिथं भाषणं, छोले-भटुरे, आणि एका कोपऱ्यात रक्ततपासणीचं टेबल. त्या टेबलापाशी अर्थातच कोणी नव्हतं. सगळी जागृती भटुऱ्यांपाशी.

पार्किंग सांभाळायला एक निवृत्त फौजी होता. मी पुढे झालो तेवढ्यात मागून मराठीत हाक आली.

"सायेब, आपल्याकडचं दिसताय. ह्यो केरू तुमचा कोण?"

मी वळलो नाही. पाठ तशीच ठेवून विचारलं, "कसं लिहिलंय ते?"

"जांभळ्या पेन्सिलीनं. थुकी लावून लिवत्यात बघा, तसल्या. आता कुठं मिळत्यात!"

आबांच्या खिशात तसलीच पेन्सिल असायची. टपालाच्या पावतीवर लिहिण्याआधी टोक जिभेला लावायचे, ओठ कायम जांभळे.

"आमच्याकडं पोरं जगंनात की असलं नाव ठेवत्यात," तो माणूस सहज म्हणाला. आणि त्यानं विचारलं, "जगला का मग?"

मी कोट काढला. पिना चारही जागच्या जागी. कार्डावर माझी रेघ, माझी इनिशियल्स, बाकी काही नाही. फौजीनं कोट माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा केला, परत दिला आणि गाड्यांकडे गेला.

मी त्या रिकाम्या टेबलापाशी जाऊन बाही वर केली. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कुछ तकलीफ है?" आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खरं सांगितलं. घरी येऊन सुनंदालाही सांगितलं. ती रडली, मग भयंकर चिडली.

रिपोर्ट वाईट आला. पुढच्या तपासण्यांमध्ये कॅन्सरच निघाला, पण जागच्या जागी होता, पसरला नव्हता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर चहावर ढकलत बसला असतात तर गोष्ट वेगळी होती.

आता स्पष्टीकरणं. मृणाल म्हणते, तुम्हीच कधीतरी बोलून गेला असाल. अच्छा, आणि तो भाजीवाला सरदारजी ऐकत होता! जावई म्हणतात, उन्हाची तिरीप. उन्हाच्या तिरिपेनं जांभळ्या पेन्सिलीत नाव उमटतं, हा शोध गुडगावलाच लागू शकतो. एका मित्रानं पितृदोषाचं पुस्तक आणून दिलं, ते मी रद्दीत घातलं. माझ्याकडेही स्पष्टीकरण नाही. कार्ड कपाटात आहे, अधूनमधून काढून पाहतो. रेघ आणि इनिशियल्स.

पुढच्या वर्षी मी आपणहून राइडला गेलो. नकली मिशा तशाच, फोटो तसेच. या वेळी मी रकान्यावर रेघ मारली नाही. कोरा सोडला. कॅनॉट प्लेसपासून गुडगावपर्यंत प्रत्येक सिग्नलला वाट पाहिली, पण कोणीही काही विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं.

मात्र कँटोनमेंटवरून जाताना मी हेल्मेटच्या आत, जावयांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोललो होतो.

"आबा, केरू जगला."